सहा हजारांत पियानोचे ४८ ट्रॅक: नागपूरच्या एका गाण्याच्या क्लासचं प्रकरण

त्रिमूर्तीनगरमधल्या एका घराच्या हॉलमध्ये सुगम संगीताचा क्लास चालतो. विद्यार्थ्यांना घरी सराव करता यावा म्हणून शिक्षिकेला पियानोच्या साथीचे ट्रॅक हवे होते. गाणी १२, प्रत्येक गाणं चार पट्ट्यांत, म्हणजे ४८ फाइली. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि क्लासची नवी तुकडीही तेव्हाच बसते, त्यामुळे काम मे महिन्यात उरकणं भाग होतं. खर्चाची मर्यादा ६,००० रुपये.

पियानो होता यामाहा पी-४५. ८८ कीज, मागच्या बाजूला हेडफोनच्या मोठ्या पिनेचं एकच भोक आणि प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी. आवाज बाहेर काढायला वेगळं लाइन आउट नाही. यूएसबीतून फक्त मिडी जातं, म्हणजे कोणती की कधी आणि किती जोरात दाबली याची नोंद; आवाज जात नाही. हा फरक खरेदीआधीच समजून घ्यावा. त्याच घराण्यातल्या पी-१२५ची यूएसबी आवाजही पाठवते. तो घरात असता तर या प्रकरणातलं निम्मं दुखणं उद्भवलंच नसतं. बाकी सामान म्हणजे ८ जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप, फोन आणि खिडकीला लावलेला कूलर.

कूलरचा उल्लेख उगाच केलेला नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. कूलरच्या गवताच्या ताट्या ओल्या करून पंखा पूर्ण वेगात सोडल्याशिवाय त्या हॉलमध्ये दुपारी कोणी बसू शकत नाही. पियानोसमोर फोन ठेवून केलेलं पहिलं रेकॉर्डिंग म्हणूनच फसलं. कूलरची घरघर तर आलीच, शिवाय फोनने आपली करामत केली. जोराचा स्वर आला की तो आवाज आपोआप दाबतो आणि स्वर विरायला लागला की वर ओढतो. परिणामी प्रत्येक स्वराच्या शेपटीला कूलर मोठा होत जातो. पी-४५चे स्पीकर १२ सेंटीमीटरचे आणि ६-६ वॅटचे. खालच्या सप्तकाचा भरदारपणा त्यातून मुळातच कमी येतो, फोनपर्यंत पोहोचतो त्याहून कमी.

यानंतर बहुतेकांना सुचतं ते मायक्रोफोन घेणं. या परिस्थितीत ती सरळ चूक ठरली असती. चांगला माइक कूलरही चांगलाच ऐकतो. डिजिटल पियानोचा आवाज तारेतून तयार मिळत असताना तो आधी स्पीकरमधून हवेत सोडायचा आणि माइकने परत पकडायचा, याला अर्थ नाही. तारेतून घेतलेल्या आवाजात खोली येत नाही. कूलर चालू राहिला, गल्लीत भाजीवाला ओरडला तरी चालतं.

केबलचा घोळ

तारेने घ्यायचं ठरल्यावर ओळखीच्या एका तबलजींकडून दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तारेतला आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, दोन दिवसांसाठी मागून आणला. केबल बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, घेतली. दोन्ही टोकांना मोठी स्टिरिओ पिन, म्हणजे दुकानाच्या भाषेत पी-३८ स्टिरिओ. "दोन्ही बाजूंनी स्टिरिओच आहे जी ताई, काही टेन्शन नाही," असं दुकानदार म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. तरी पियानो पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा रेकॉर्ड झाला.

कारण असं. हेडफोनच्या पिनेत टोकावर डावा आवाज असतो, मधल्या कड्यावर उजवा आणि मागच्या दांड्यावर ग्राउंड. इंटरफेसचं मोठं भोक मात्र बॅलन्स्ड असतं. टोक आणि कडं हे एकाच आवाजाचे सुलट-उलट भाग आहेत असं समजून ते एकातून दुसरा वजा करतं. डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते त्या वजाबाकीत उडतं, आणि पियानोचा गाभा नेमका त्या सारख्या भागातच असतो. उरतो तो फक्त दोन बाजूंमधला फरक.

मोनो पिन खुपसणं हाही उपाय नाही. मोनो पिनेला मधलं कडंच नसतं, त्यामुळे उजवी बाजू थेट ग्राउंडला टेकते. आवाज अर्धा मिळतो आणि हेडफोनच्या अँप्लिफायरवर विनाकारण ताण येतो. लॅपटॉपच्या हेडसेटच्या भोकाचाही उपयोग नाही. तिथला माइकचा मार्ग मोनो असतो आणि माइकच्या क्षीण आवाजासाठी बनवलेला असतो. हेडफोनचा आवाज त्याला झेपत नाही, तो फाटतो.

दुकानात मागायची ती केबल अशी: एका टोकाला पी-३८ स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पिना. इंटरफेसला जातील अशा दोन मोनो पी-३८ किंवा दोन आरसीए, म्हणजे टीव्हीला लावतात तशा पांढऱ्या-लाल पिना. तयार मिळाली नाही तर रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा दहा मिनिटांत जोडून देतो. टोक पांढऱ्या आरसीएला, कडं लालला, दांडा दोन्हींच्या बाहेरच्या कडीला. लांबी २ मीटर पुरे. छोट्या पिनेची केबल घेऊन वर मोठ्या पिनेचा कन्व्हर्टर चढवण्याचा मोह टाळावा. तो जोड काही आठवड्यांत सैल होतो आणि पेडल दाबताना पियानो हलला की खर्रखर्र येते.

मागून आणलेला इंटरफेस परत गेला. विकत घेतला तो बेहरिंगरचा यूसीए-२२२, आरसीए इनपुटचा, माचिसच्या दोन पेट्या शेजारी ठेवल्या तर होईल एवढा. तो १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातो, यावरून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. डिजिटल पियानोच्या हेडफोन पिनेतून येणाऱ्या आवाजाला १६ बिट पुरून उरतात. माइकचं इनपुट त्यात नाही, आणि इथे ते नकोच होतं.

जोडल्यावर तीन गोष्टी तपासाव्या लागल्या. विंडोज हे उपकरण 'यूएसबी ऑडिओ कोडेक' नावाने मायक्रोफोन म्हणून दाखवते आणि कधीकधी एकच चॅनल धरते. रेकॉर्डिंगच्या गुणधर्मांत जाऊन '२ चॅनल, १६ बिट, ४४१०० हर्ट्झ' निवडावं. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद असेल तर सगळं बरोबर जोडूनही शांतताच रेकॉर्ड होते. तिसरी गोष्ट विंडोजची स्वतःची आवाज 'सुधारण्याची' सोय. ती बंद करावी, कारण विरत जाणारा स्वर तिला गोंगाट वाटतो.

यूसीए-२२२वर इनपुटची कळ नाही, त्यामुळे आवाजाची पातळी पियानोच्या व्हॉल्यूमवरूनच ठरते. गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग आधी वाजवून बघावा आणि मीटरचं टोक उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील तिथे व्हॉल्यूम थांबवावा. शून्याला एकदा जरी टेकला तरी लाटेचा माथा कापला जातो आणि तो परत मिळत नाही. जागा सापडली की व्हॉल्यूमशेजारी कागदी चिकटपट्टीवर पेनाने खूण करावी. ४८ ट्रॅकचा आवाज एकसारखा राहिला तो त्या खुणेमुळे.

किरकिर कुठून येते

मूळ योजना अशी होती: गाणं एकदा वाजवायचं आणि मिडी म्हणून साठवायचं, लॅपटॉपवर पट्टी बदलायची, तेच मिडी पियानोकडे परत पाठवायचं आणि पियानो आपणहून वाजत असताना आवाज यूसीए-२२२ने टिपायचा. एका गाण्यासाठी चारदा वाजवायचं काम एकदाच होतं. त्यासाठी मिडीची यूएसबी आणि आवाजाची केबल दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या लागतात. तसं जोडताच बारीक, उंच किरकिर सुरू झाली. माउस हलवला की तिचा सूर बदलायचा, पान सरकवलं की चिवचिवाट व्हायचा.

प्रकरणातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, कारण घरात एकाच वेळी दोन वेगळे आवाज होते आणि दोन्हींना 'हम' म्हटलं जात होतं. असं झालं की सगळं सुटं करून एकेक तार जोडावी आणि दर वेळी २० सेकंद शांतता रेकॉर्ड करून मीटर बघावा. उणे ७० डेसिबलच्या खाली असेल तर पुढे जावं. उणे ६०च्या वर गेला तर नुकतीच जोडलेली तार दोषी.

लॅपटॉप बॅटरीवर आणि फक्त आवाजाची केबल जोडलेली: शांत. लॅपटॉपला चार्जर लावला: जाड गुणगुण, वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. हा पहिला आवाज. चार्जर तीन पिनांचा होता, पण त्या बोर्डाला अर्थिंग पोहोचतच नव्हतं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की झिणझिण्या यायच्या. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे बरीच वर्षं कोणी पाहिलं नव्हतं. कोरड्या मातीतून वीज नीट मुरत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी सवय आहे आणि ती योग्यच आहे. इथे मात्र खड्ड्यापासून आलेली तारच बोर्डापाशी गंजून तुटली होती. इलेक्ट्रिशियनने ती बदलली आणि गुणगुण जवळपास गेली. उरलेली रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढला की जाते. हम घालवायला चार्जरची अर्थिंगची पिन तोडून टाका, असा सल्ला देणारे भेटतात. तो कधीही ऐकू नये. ती पिन आवाजासाठी नसते, जिवासाठी असते.

मग मिडीची यूएसबी जोडली, आणि किरकिर हजर. लॅपटॉप बॅटरीवर असतानाही. घरातल्या विजेशी तिचा संबंध नाही हे इथे पक्कं झालं. लॅपटॉपचं ग्राउंड मिडीच्या केबलमधून पियानोत जातं, तिथून आवाजाच्या केबलच्या जाळीतून यूसीए-२२२मध्ये येतं आणि त्याच्या यूएसबीतून परत लॅपटॉपमध्ये. हा पूर्ण फेरा म्हणजेच ग्राउंड लूप. लॅपटॉपच्या आतली प्रोसेसरची आणि स्क्रीनची वीज-खळबळ या फेऱ्यात फिरते. तिचा काही भाग ज्या जाळीवरून जातो, तीच जाळी आवाजाचीही परतीची वाट असते, म्हणून ती खळबळ आवाजात मिसळते. फेरा लॅपटॉपमध्ये सुरू होऊन लॅपटॉपमध्येच संपतो. चार्जर काढून तो कसा तुटणार?

केबलवर बसवायचे फेराइटचे काळे मणी लावून पाहिले. शून्य फरक. ते मेगाहर्ट्झच्या गोंगाटासाठी असतात, कानाला ऐकू येणारी किरकिर त्यांना दाद देत नाही. कारच्या सामानाच्या दुकानात दोन आरसीएंचा ग्राउंड लूप आयसोलेटर स्वस्तात मिळतो. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते फेरा खरोखर तोडतात. पण लहान गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला पियानोचे खालचे जोरदार स्वर पेलत नाहीत, ते बारीक आणि किंचित घोगरे होतात. दुसरं काहीच मिळालं नाही तर हा चालेल.

इथे चाललं ते यूएसबी आयसोलेटर. यूएसबीची माहिती पलीकडे जाऊ द्यायची पण तांब्याची सलग वाट ठेवायची नाही, एवढंच त्याचं काम. तो कुठे लावायचा, हे महत्त्वाचं. सहज सुचतं ते यूसीए-२२२च्या केबलवर. पण यूसीए-२२२ची वीज यूएसबीतूनच येते, आणि स्वस्त आयसोलेटरमधला वीज बनवणारा भाग स्वतःच गोंगाट करतो. एक किरकिर घालवून दुसरी आणल्यासारखं होतं. पियानोला आपली वीज ॲडाप्टरमधून मिळते आणि मिडी म्हणजे नुसते आकडे, त्यांना गोंगाटाचं काही नाही. म्हणून आयसोलेटर पियानोच्या यूएसबीवर लावला. तिथे लावताच मीटर खाली बसला.

स्वस्त आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतात. फक्त मिडी देणाऱ्या वाद्याला तेवढे पुरेसे आहेत. काहींवर वेगाचा बारीक स्विच असतो. तो 'लो'कडे राहिला तर लॅपटॉपला पियानो दिसतच नाही आणि माल खराब निघाला असं वाटतं.

आधी मिडी

मिडी भरण्यासाठी वेवफॉर्म फ्री हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं. या टप्प्यात आवाजाची केबल काढून ठेवलेली, पियानोचे स्पीकर चालू, कूलर पूर्ण जोरात. हवेतलं काहीच रेकॉर्ड होत नसल्याने घामाघूम न होता वाजवता येतं. मात्रांचे ठोके लॅपटॉपच्या इअरफोनमधून एका कानात.

पहिल्याच दिवशी एक गोंधळ झाला. प्रत्येक स्वर दुहेरी, डोलल्यासारखा येऊ लागला आणि पेडल दाबून वाजवलं की जुने स्वर मध्येच तुटायचे. पियानो की दाबली म्हणून एकदा वाजवत होता, आणि सॉफ्टवेअर तोच स्वर परत पाठवत असल्याने दुसऱ्यांदा. पी-४५ एका वेळी ६४ स्वर धरू शकतो; प्रत्येक स्वर दोनदा वाजला की ती मर्यादा निम्म्यावर येते. उपाय दोन: सॉफ्टवेअरमधलं इनपुट मॉनिटर बंद करणं किंवा पियानोचं लोकल कंट्रोल, म्हणजे की दाबल्यावर त्याचं स्वतःहून वाजणं, बंद करणं. पहिलाच करावा. लोकल बंद ठेवून विसरलं की दुसऱ्या दिवशी पियानो मुका होतो आणि घरात धावपळ उडते.

चुकीचा स्वर मिडीत खालीवर सरकवून दुरुस्त होतो, जोरात पडलेला हळू करता येतो. मात्रेवर सगळं शंभर टक्के ओढून बसवणं मात्र टाळावं. दादऱ्याच्या सहा मात्रांत जो झोल असतो तो गेला तर गायला काही उरत नाही. शेवट कापताना पेडल सुटल्याची नोंद, म्हणजे ६४ क्रमांकाच्या कंट्रोलरची शून्य ही किंमत, कापली जाणार नाही हे बघावं. ती गेली तर पियानोच्या लेखी पेडल दाबलेलंच राहतं आणि पुढच्या गाण्यात आधीचे स्वर घोंगावतात.

वाजवलं सगळं काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या कीला सा मानून. मग पांढरी चारसाठी ४ अर्धस्वर वर, काळी पाचसाठी ३ खाली, काळी चारसाठी ५ खाली. काळी चारला ७ वर नेऊनही पोहोचता येतं, पण साथ चिमुकली वाटायला लागते. खाली नेलं की उलटा त्रास होतो, डाव्या हाताचे जवळजवळचे स्वर गढूळ होतात. अशा ठिकाणी डाव्या हातातला मधला स्वर तेवढा एक सप्तक वर उचलला. रेकॉर्ड झालेला आवाज ओढून पट्टी बदलली असती तर ही मुभा मिळाली नसती, आणि स्वर ताणल्यासारखे लागले असते ते वेगळंच.

तानपुऱ्याबरोबर गाणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा. पियानोचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्धस्वराचे १०० सेंट) चढा असतो. पटकन येऊन गेला तर कोणाच्या लक्षात येत नाही. लांब धरला की खुपतो. ज्या जागी साथ दोन-दोन मात्रा थांबते तिथे गंधार काढून फक्त षड्ज-पंचम ठेवले. क्लासची पेटी आणि पियानो जुळतात का, हेही आधी पाहावं. पेटीची पांढरी सहा ४४२ हर्ट्झ आणि पियानोची ४४० असेल तर एकत्र वाजवल्यावर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. तेवढे मोजून पियानोचं मूळ ट्यूनिंग सरकवावं, आणि ते आवाज उतरवण्याआधीच.

आवाज उतरवणं

चारही पट्ट्यांतलं गाणं सॉफ्टवेअरच्या एकाच लांब टाइमलाइनवर, मध्ये १० सेकंदांचं अंतर सोडून, ओळीने मांडलं. प्रत्येकीच्या सुरुवातीला षड्ज आणि एक आवर्तन मोकळं, गाणाऱ्याला सूर आणि लय पकडायला. पियानोची रिव्हर्ब, म्हणजे सभागृहासारखा घुमारा, बंद. ती आवाजात मिसळली की काढता येत नाही, नंतर हवी तेवढी घालता येते. सॉफ्टवेअर मिडी वाजवतं आणि त्याच लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर आवाज टिपतं. चार मिनिटांचं गाणं धरलं तर एका गाण्याला साधारण १७ मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तिथे बसायची गरज नसते. पियानोचं आपोआप बंद होणं आणि लॅपटॉपचं झोपणं आधी बंद करावं. शेवटच्या स्वरानंतर निदान ८ सेकंद जाऊ द्यावेत.

ऐकताना दोन फाइलींत बारीक 'टक्' सापडली. कूलरचा पंप आणि पियानोचा ॲडाप्टर एकाच बोर्डावर होते. पंप चालू-बंद करताना उठणारा झटका तारेतून आला होता. ॲडाप्टर दुसऱ्या बोर्डावर नेला आणि तो दोन गाण्यांचा भाग पुन्हा उतरवला. बारा गाण्यांपैकी तीन एका वादळी संध्याकाळी लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर उतरवली होती. चौकोनी लाटेच्या त्या विजेने ॲडाप्टरमधून भुणभुण घातली. तीही पुन्हा करावी लागली. गोंगाट पुसणारी सोय वापरून ती वाचवायचा प्रयत्न झाला, पण स्वरांच्या शेपट्या पाण्यात बुडाल्यासारख्या झाल्या.

खर्च ढोबळमानाने असा: यूसीए-२२२ सुमारे ३,०००, आयसोलेटर १,०००च्या आत, केबल जोडून घेतली ती २५०, प्रिंटरची यूएसबी केबल १५०, अर्थिंगची तार आणि मजुरी ६००. पाच हजारांत काम झालं. एवढेही पैसे नसतील तर फक्त प्रिंटरची केबल घ्यावी, मिडी भरावं आणि ते यामाहा सी-५ ग्रँडच्या नमुन्यांवरून बनवलेल्या सॅलमँडर या मोफत सॉफ्टवेअर पियानोवर वाजवून थेट फाइल काढावी. इंटरफेस, आयसोलेटर, किरकिर यातलं काहीच लागत नाही, आणि आवाज बहुधा पी-४५हून सरस येतो. या क्लासने तारेचा मार्ग घेतला तो ऑनलाइन तासांतही पियानोचा आवाज थेट द्यायचा होता म्हणून.

फाइली ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह स्वरूपात ठेवल्या. मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे ४८ ट्रॅकचे दोन जीबीच्या आत. विद्यार्थ्यांना १९२ केबीपीएसची एमपीथ्री व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. मिडीच्या फाइली, एकेक जेमतेम काही डझन केबीची, पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवल्या आहेत. जुलैत एका मुलीला पांढरी पाच लागली तेव्हा नवा ट्रॅक पाच मिनिटांत त्यांच्यातूनच निघाला.